मैदानाचा पल्ला आणि वाटेचा पल्ला

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरविला आणि बैलगाडी शर्यतींवरील टांगती तलवार दूर झाली. ७ मे २०१४ च्या निकालाने बंद पडलेली मैदाने १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने पुन्हा सुरू झाली होती. हा मधला काळ साडेसात वर्षांचा. ग्रामीण भागातील शौकिनांनी त्याला साडेसाती म्हटले असेल, तर त्यात आश्चर्य नाही. त्या काळात वादाचे स्वरूप स्वाभाविकपणेच 'शर्यत असावी की नसावी' एवढेच राहिले. प्राण्यांवरील क्रौर्याचा मुद्दा एका बाजूने आणि परंपरेचा मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडला गेला. परंतु ज्या स्पर्धेला कायद्याने मान्यता मिळाली, ती स्पर्धा म्हणून न्याय्य आहे काय, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारलाच नाही. आता मैदाने सुस्थिर झाल्यावर तो विचारणे अगत्याचे आहे.

सांगली-सातारा भागातील शर्यतीचा प्रकार परिचित आहे. सरळ सपाट माळावर समांतर चाकोऱ्या आखतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. पाच, सहा किंवा सात हलके छकडे एकाच वेळी सुटतात आणि प्रत्येक गटातील पहिली गाडी उपांत्य फेरीला व तेथून अंतिम फेरीला जाते. पुणे जिल्ह्यातील घाटावरच्या बारीत किंवा विदर्भातील शंकरपटात घड्याळाच्या सेकंदांशी झुंज असते. इकडे मात्र शेजारच्या चाकोरीतील गाडीशीच गाठ असते. शासनाच्या नियमांनी धावपट्टीची लांबी एक हजार मीटरपेक्षा अधिक असू नये, असे बंधन घातले आहे. चाकोरी सर्वांना सारखी, निशाण सर्वांना एकच. इतकेच नव्हे, तर वयाचाही विचार येथे पूर्वापार होत आला आहे. दात न आलेल्या खोंडांचे 'आदत' मैदान वेगळे, दोन दाती 'दुशां'चे वेगळे. बैलाचे तोंड उघडून दात मोजल्याखेरीज त्याला गटात घेत नाहीत. म्हणजे समानांची स्पर्धा समानांशीच व्हावी, हे तत्त्व या खेळाला बाहेरून शिकविण्याची गरज नाही. त्याने ते स्वतःच्या अनुभवातून सिद्ध केले आहे.

या न्यायबुद्धीच्या नजरेतून एकच गोष्ट निसटली आहे. मैदानाचा पल्ला मीटरमध्ये मोजला जातो. मैदानापर्यंतच्या वाटेचा पल्ला कोणीच मोजत नाही. आणि आज निकालावर त्या दुसऱ्या पल्ल्याचा परिणाम पहिल्याइतकाच होऊ लागला आहे.

पूर्वी असे नव्हते, याची कारणे आर्थिक आहेत. गावजत्रेच्या मैदानाला बैल चालत जात. बैल एका दिवसात थकल्याशिवाय जितके अंतर चालेल, तितकाच त्या मैदानाचा परीघ असे. या मर्यादेमुळे स्पर्धकांत आपोआप एक प्रकारची समता राहत असे, कारण सगळेच दहा-पंधरा मैलांच्या आतले. दुसरे असे की, शर्यतीचा बैल हा शेतीचाही बैल होता. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने ज्या पलूस परिसरातून लोखंडी नांगर महाराष्ट्रभर पोहोचविला, त्या परिसरात हे वेगळे सांगावयास नको. वर्षभर नांगर, मोट आणि गाडी ओढून बैल आपला खर्च भरून काढी; जत्रेतील शर्यत हा त्यावरचा आनंद होता. अर्थशास्त्रात ज्याला संयुक्त खर्च म्हणतात, त्यातला प्रकार. ट्रॅक्टर आल्यानंतर हा हिशेब मोडला. आज शर्यतीचा बैल केवळ शर्यतीसाठी पोसला जातो. त्याचा खुराक, त्याची निगा, त्याला सांभाळणाऱ्या माणसाचा रोज आणि त्याचा प्रवास हा सारा खर्च एकट्या शर्यतीच्या खात्यावर पडतो.

तिसरा बदल पिकअप गाडीने घडविला. बैल गाडीत चढला आणि मैदानाचा परीघ पंधरा मैलांवरून दोनशे किलोमीटरवर गेला. मुळशी तालुक्यातील 'बकासुर' सांगली-सातारच्या मैदानांत गाजतो, सीमेपलीकडचे बैल इकडे येतात आणि इकडचे बैल पुण्याकडे जातात. एका मालकाचा एक आणि दुसऱ्या मालकाचा दुसरा असे दोन बैल जुंपण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, त्यामुळे एकाच गाडीसाठी दोन गावांहून दोन वाहने येतात. या विस्ताराने खेळाचा दर्जा निःसंशय उंचावला. परंतु त्याबरोबर बक्षिसांनीही आपले रूप बदलले. २०२२ साली पिंपरी-चिंचवडजवळच्या चिखलीच्या मैदानात जेसीबी यंत्र बक्षीस म्हणून ठेवण्यात आले. २०२३ साली खानापूर तालुक्यातील भाळवणीत पहिले बक्षीस थार जीपचे होते आणि २०२५ साली कवठेमहांकाळ तालुक्यातील बोरगावच्या मैदानात फॉर्च्युनर गाडी. चांदीची गदा, ढाल आणि रोख रुपये यांवर समाधानी असलेला हा खेळ पाच-सात वर्षांत कुठल्या कुठे गेला!

मोठे बक्षीस वाईट नाही. त्याचा खर्च कोण उचलतो, हे मात्र पाहिले पाहिजे. समजा, एका मैदानात १४० गाड्या आल्या. प्रत्येक गाडीचे दोन बैल दोन वाहनांतून आले, म्हणजे २८० वाहने झाली. जाऊन-येऊन सरासरी प्रवास १६० किलोमीटर आणि किलोमीटरला वीस रुपये दर धरला, तर एका वाहनाला ३,२०० रुपये पडतात आणि सर्व वाहनांचे मिळून सुमारे नऊ लाख. त्यात बरोबरच्या माणसांचे जेवणखाण आणि प्रवेश फी मिळविली की, हा आकडा थार जीपच्या किमतीला जाऊन भिडतो. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. कोणीही आपल्या अनुभवाचे आकडे घालून हा गुणाकार करून पाहावा. निष्कर्ष फारसा बदलणार नाही. जीप देणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. पण स्पर्धक मंडळी जवळपास तेवढीच रक्कम डिझेलच्या रूपाने रस्त्यावर ओतून आलेली असतात आणि त्यांपैकी एकाच गाडीच्या वाट्याला ती परत येते.

हा भार सर्वांवर सारखा पडला असता, तर तक्रारीचे कारण नव्हते. तो तसा पडत नाही. पलूसहून भाळवणी वीसेक किलोमीटर, पुसेगाव शंभराच्या आसपास, पुणे सुमारे दोनशे. जतच्या शेतकऱ्याला यांपैकी प्रत्येक ठिकाण कितीतरी लांब पडते. वरच्याच दराने भाळवणीच्या मैदानाला पलूसच्या मालकाचे आठशे रुपये लागतील आणि शंभर किलोमीटरवरून येणाऱ्याचे चार हजार. हंगामात अशी पंचवीस मैदाने केली, तर एकाचे वीस हजार जातात, दुसऱ्याचे एक लाख. मैदाने फिरती असतात, आज येथे तर उद्या तेथे, तेव्हा सरासरीने सर्व सारखेच होईल, असे यावर सांगितले जाते. हे गणित चुकीचे आहे. मध्यभागी राहणाऱ्याचे सर्व मैदानांपासूनचे सरासरी अंतर नेहमीच कमी राहते आणि कडेला राहणारा प्रत्येक हंगामात कडेलाच असतो. विटा, कराड, पलूस हा पट्टा या भूगोलाचा लाभार्थी आहे, हे पलूसकरांनी मोकळेपणाने मान्य करावयास हवे. येथे कृष्णेचे पाणी आहे, ऊस आहे, द्राक्षे आहेत, लोहमार्ग आणि पक्के रस्ते आहेत. कृष्णाकाठच्या मालकाला एक मैदान हुकले, तर दुसरे पुढच्या आठवड्यात जवळच मिळते.

विसंगती अशी की, ज्या खिलार जातीवर हा सारा डोलारा उभा आहे, तिचे माहेर या पट्ट्यात नाही. आटपाडी, जत, सांगोला, माण या अवर्षणप्रवण तालुक्यांतील माळरानांनी ती जात घडविली. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत पिढ्यान्‌पिढ्या खिलार जनावरांचा बाजार भरत आला आहे. तेथील शेतकरी खोंड वाढवितो, त्याची चाल ओळखतो आणि विकतो. पुढे तोच खोंड नामांकित होऊन त्याची किंमत लाखांच्या घरात गेली, तरी मूळ पैदासकाराला पहिल्या विक्रीच्या रकमेपलीकडे काही मिळत नाही. तो बैल स्वतःच राखून पळवावा, तर मैदाने दूर. अंतर त्याला विक्रेता म्हणूनच ठेवते, स्पर्धक होऊ देत नाही. कच्चा माल एका प्रदेशाचा आणि मूल्यवृद्धी दुसऱ्या प्रदेशाची, ही महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाची जुनी कहाणी, कापसाबाबत विदर्भाने सांगितलेली, येथे बैलाच्या रूपाने पुन्हा समोर येते.

शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली 'तारांकितांच्या अर्थशास्त्रा'ची मीमांसा केली होती. एखाद्या क्षेत्राची बाजारपेठ विस्तारली की, गुणवत्तेतील अल्पशा फरकालाही मिळकतीतील प्रचंड फरकाचे स्वरूप येते, असे त्याचे प्रतिपादन होते. गायक आणि खेळाडू त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्याचे म्हणणे बैलांनाही लागू पडेल, अशी कल्पना त्याने केली नसावी. मोबाइलवर शर्यतीचे थेट चित्रण पाहणारा प्रेक्षक सातारा-सांगलीपुरता राहिलेला नाही. त्याला ठरावीक पाच-दहा बैल पाहावयाचे असतात. संयोजकांनाही तेच बैल हवे असतात. प्रसिद्ध बैलाच्या मालकाला दोनशे किलोमीटर जाणे परवडते, कारण त्याचे नाव त्याच्या आधी पोहोचलेले असते. अडचण होते ती जवळच्या मैदानात दोन-तीन वेळा गट जिंकलेल्या, पण नाव न झालेल्या बैलाच्या मालकाची. आपला बैल खरोखर किती पळतो, हे सिद्ध करण्याची संधीच त्याला खर्चाच्या उंबरठ्यापलीकडे ठेवलेली असते.

यावर वाटखर्ची द्या, असा उपाय सुचविला जातो. तो सोपा दिसतो, म्हणूनच त्यातील दोष पाहणे आवश्यक आहे. अंतराप्रमाणे पैसे दिले, तर लांबून येण्याला उत्तेजन मिळेल आणि बैलाचा प्रवास वाढेल. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे जनावर प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो आणि मालवाहू गाडीत सहापेक्षा अधिक मोठी जनावरे चढविता येत नाहीत. धावपट्टीवरील क्रौर्यावर प्रशासनाचे लक्ष असते. रात्रभर हेलकावे खात, पाय रोवून उभ्याने केलेल्या प्रवासावर कोणाचे लक्ष असते? एक किलोमीटरहून कमी धावणारा बैल त्यासाठी दोनशे किलोमीटर उभा राहतो, हे दृश्य शर्यतीच्या पाठीराख्यांनी स्वतःशीच तपासून पाहण्यासारखे आहे. २०१७ च्या सुधारणेने क्रौर्यासाठी पाच लाखांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. उद्या पुन्हा एखादी याचिका झाली, तर ती मैदानावरून होण्यापेक्षा रस्त्यावरून होण्याचाच संभव अधिक. तेव्हा दूरच्या बैलाला पैसे देऊन जवळ आणणे हा यावरचा उपाय नव्हे. शर्यतच त्याच्याजवळ नेली पाहिजे.

हे कसे करता येते, याचे एक उदाहरण अगदी वेगळ्या जगातील आहे. अमेरिकेत मोटारींच्या सरळ धावपट्टीवरील शर्यतींचा, तेथील भाषेत ड्रॅग रेसिंगचा, मोठा शौक आहे. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर अशा शर्यती झाल्याने महाराष्ट्रातील तरुणांनाही तो प्रकार आता अपरिचित नाही. वाहन बदलले, तरी खेळाचा सांगाडा आपल्या छकड्याच्या शर्यतीचाच आहे. समांतर मार्ग, एकच इशारा आणि जो आधी पोहोचेल तो पुढच्या फेरीत. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय संघटनेसमोर प्रथमपासूनच अंतराचा प्रश्न होता, कारण देश खंडप्राय आणि बहुसंख्य स्पर्धक हौशी, आपली मोटार स्वतः दुरुस्त करून स्वतःच ओढून आणणारे. त्या संघटनेने देशाचे सात विभाग पाडले. हौशी स्पर्धकाने मुख्यतः आपल्या विभागात शर्यती कराव्यात आणि ठरावीक संख्येच्या स्पर्धांतीलच त्याचे गुण धरावेत, अशी व्यवस्था बसविली. या दुसऱ्या कलमाचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याच्यापाशी पैसा आणि सवड आहे, त्याने पन्नास ठिकाणी धाव घेतली, तरी त्याच्या पदरात मोजकेच निकाल पडतात. ज्याला मोजक्याच ठिकाणी जाणे शक्य आहे, तो त्यामुळे आपोआप मागे पडत नाही. हिंडण्याची ऐपत आणि पळण्याची कुवत यांची गल्लत तेथे नियमानेच टाळली आहे.

अमेरिकेचे उदाहरण परके वाटत असेल, तर कुस्तीचे घ्यावे. कुंडलच्या मैदानाची कीर्ती असलेल्या पलूस तालुक्याला ते अधिक जवळचे. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या 'महाराष्ट्र केसरी' किताबासाठी मल्ल आपापल्या जिल्ह्याच्या निवड चाचणीतून येतात आणि जिल्ह्याचे प्रतिनिधी म्हणून उतरतात. म्हणूनच त्या किताबातील 'महाराष्ट्र' या शब्दाला अर्थ आहे. बैलगाडी शर्यतीत मात्र कोणतेही मैदान स्वतःला 'हिंदकेसरी' किंवा 'महाराष्ट्र केसरी' म्हणवून घेऊ शकते. त्याला आधार काय, तर फलक आणि बक्षिसाची रक्कम! अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या शंकरपटात धावणारी जोडी ज्या मैदानात कधी येऊच शकत नाही, त्या मैदानाने अखिल महाराष्ट्राचा किताब वाटावा, ही अतिशयोक्ती आता अंगवळणी पडली आहे.

शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि पन्नास हजार रुपयांची अनामत आवश्यक असते. म्हणजे प्रत्येक मैदानाची नोंद शासनदरबारी होतेच. या नोंदीचा उपयोग आज केवळ बंदोबस्तापुरता होतो. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांचे एकत्रित वेळापत्रक त्याच नोंदींवरून हंगामाच्या आरंभी तयार होऊ शकते. एकाच दिवशी शेजारच्या दोन तालुक्यांत मैदाने आणि जतकडे महिनाभर एकही नाही, असे प्रकार त्याने टळतील. मोठ्या किताबाच्या मैदानांनी आपल्या गटांतील निम्म्या जागा तालुक्या-तालुक्यांतील छोट्या मैदानांच्या विजेत्यांसाठी राखून ठेवाव्यात. असे झाले की, दूरच्या मालकाला हंगामात पंचवीसदा नव्हे, दोन-तीनदाच लांबचा प्रवास करावा लागेल. आणि तोही आपला बैल घरच्या माळावर कसाला उतरल्यानंतर. चिठ्ठ्या टाकताना शंभर किलोमीटरपलीकडून आलेल्या गाड्या उशिराच्या गटांत घालाव्यात, म्हणजे बैलाला पाय मोकळे करण्यास सवड मिळेल. यासाठी एक पैसाही लागत नाही.

घड्याळाचा उपयोग करून घरबसल्या वेळ नोंदवावी आणि त्यावरून निवड करावी, अशीही एक सूचना करता येईल. पण माळाची माती, चढ-उतार आणि चाकोरीची खोली जागोजागी भिन्न असल्याने खटावच्या मैदानातील सेकंद आणि जतच्या मैदानातील सेकंद यांची तुलना फसवी ठरेल. डांबरी धावपट्टीवर जे साधते ते मातीवर साधत नाही. म्हणून या खेळाला विभागवार जागा राखणे हाच मार्ग अधिक व्यवहार्य आहे.

संयोजकांचा आक्षेप उघड आहे. पैसा त्यांचा, मैदान त्यांचे, मग नियम इतरांनी का सांगावेत? गावजत्रेच्या शर्यतीपुरता हा आक्षेप पूर्णपणे मान्य करावा. तेथे यात्रा समितीचाच शब्द अखेरचा. परंतु जे मैदान राज्याच्या नावाने किताब देते, शासनाच्या परवानगीने आणि पोलिसांच्या बंदोबस्तात भरते आणि राजकीय नेतृत्वाच्या प्रतिष्ठेचे साधन बनते, ते खासगी समारंभ राहत नाही. निवडणुका जवळ आल्या की बक्षिसाच्या मोटारींची किंमत का वाढते, याचा शोध घेण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे मात्र खरे की, ज्याला गर्दी हवी आहे, त्याला ती मध्यवर्ती ठिकाणीच हवी असते. आणि ज्या तालुक्यात मते विरळ, तेथे जीप जात नाही. एका फॉर्च्युनरच्या किमतीत सांगली जिल्ह्याच्या दहाही तालुक्यांत प्रत्येकी एक चांगले मैदान भरविता येईल आणि त्या दहा मैदानांतून पुढे आलेल्या जोड्यांचा अंतिम सामना प्रेक्षकांनाही अधिक रंगतदार वाटेल. जतच्या माळावर तयार झालेला खोंड जतच्याच मालकाच्या नावावर अंतिम फेरीत सुटलेला पाहण्याची संधी तेथील शेतकऱ्याला निदान एकदा तरी मिळावी, यासाठी येत्या हंगामात परवानगीचे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात येऊ लागण्यापूर्वी बैलगाडी संघटना आणि यात्रा समित्या यांनी एकत्र बसणे आवश्यक आहे.